खोडकिडीला आणि कांडीकिडीला दाद न देणारी उसाची जात खरोखर आहे का?

प्रश्न – नीराकाठचा बागायतदार

नमस्कार. माझी जमीन इंदापूर तालुक्यात असून ती मध्यम काळी आहे आणि ऊस संपूर्ण ठिबकवर आहे. आडसाली (पावसाळ्यातील) व पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या) लागणीत किडीचा विशेष त्रास जाणवत नाही. परंतु हरभरा निघाल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस जी सुरू लागण होते, तिच्यात एप्रिल-मे महिन्यांत खोडकिडीमुळे पोंगे (कोंबातील मधली कोवळी सुरळी) वाळतात, सरीत जागोजागी तुटाळ पडते आणि पुढे पावसाळ्यानंतर त्याच उसात कांड्यांना छिद्रे दिसू लागतात. आजवर मी को 86032 हीच जात घेत आलो आहे. यंदा बेणे बदलावे असे मनात आहे.

कारखान्याच्या गट कार्यालयात फुले 265 किंवा फुले 10001 घ्या, त्यांना कीड लागत नाही, असे सांगण्यात आले. माहितीपत्रके जमवून वाचली तर बहुतेक जातींपुढे ‘खोडकीड, कांडीकीड, शेंडेकीड व लोकरी मावा यांना कमी प्रमाणात बळी पडते’ अशा अर्थाचे एकच वाक्य छापलेले आढळले. सगळ्याच जाती कमी बळी पडत असतील, तर माझ्या शेतातले पोंगे कोणत्या कारणाने वाळतात, हे समजत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे की केवळ किडीसाठी जात बदलण्यात अर्थ आहे का आणि असल्यास निवड कोणत्या आधारावर करावी. हुमणीलाही एखादी जात दाद देत नसेल तर तेही कळवावे.

उत्तर 1 – कीटकनिरीक्षक

आपल्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे. ते वाक्य सगळीकडे सारखे दिसते, याचे कारण जातींची वर्गवारी ज्या पद्धतीने होते तिच्यात दडलेले आहे. अखिल भारतीय समन्वित ऊस संशोधन प्रकल्पाच्या चाचण्यांमध्ये पोखरणाऱ्या किडींसाठी नवीन वाणांचे तीन गट पाडले जातात: कमी बळी पडणारे, मध्यम बळी पडणारे आणि जास्त बळी पडणारे. खोडकिडीच्या बाबतीत 15 टक्क्यांपर्यंत पोंगेमर (एकूण कोंबांत वाळलेल्या पोंग्यांचे प्रमाण) असलेला वाण पहिल्या गटात, 15 ते 30 टक्क्यांचा दुसऱ्या गटात आणि 30 टक्क्यांच्या वरचा तिसऱ्या गटात जातो. कांडीकिडीसाठी याच सीमा 20 आणि 40 टक्के, तर शेंडेकिडीसाठी 10 आणि 20 टक्के आहेत. लाल कुज किंवा चाबूक काणी या रोगांसाठी जसा ‘प्रतिकारक’ हा गट असतो, तसा गट या वर्गवारीत ठेवलेलाच नाही. त्यामुळे ‘कीड लागत नाही’ हे विधान चाचणीच्या निष्कर्षातून आलेले नसून ते सांगणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर केलेले आहे, असे समजावे.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. या चाचण्या प्रायः नैसर्गिक प्रादुर्भावावर घेतल्या जातात, म्हणजे त्या ठिकाणी त्या वर्षी किडीचे जेवढे पतंग आले तेवढीच परीक्षा झाली. समजा, एका वर्षी एखाद्या वाणात 12 टक्के पोंगेमर आढळली आणि शेजारच्या तुलनेच्या जातीत 13 टक्के आढळली. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या वाणात 14 टक्के आढळली, परंतु तुलनेच्या जातीत त्याच शेतात 35 टक्के होती. दोन्ही वाण पहिल्याच गटात बसतील आणि दोघांपुढे तेच वाक्य छापले जाईल. प्रत्यक्षात पहिल्या वाणाबद्दल आपल्याला काहीच कळलेले नाही आणि दुसऱ्याबद्दल बरेच कळले आहे. म्हणून आकडा पाहताना शेजारी तुलनेला कोणती जात होती आणि तिच्यात प्रादुर्भाव किती होता, हे विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये. माहितीपत्रकात हा आकडा क्वचितच असतो, पण संशोधन केंद्राच्या वार्षिक अहवालात तो मिळतो.

आता आपल्या शेतातील दोन किडींकडे वळतो, कारण त्या दोघींना एकाच मापाने मोजल्यामुळे बराच गोंधळ होतो. खोडकीड कोवळ्या कोंबावर येते. मादी पानाच्या खालच्या बाजूस खवल्यांसारखी चपटी अंडी ओळीने घालते, चार-सहा दिवसांत अळ्या निघतात आणि जमिनीलगत कोंबात शिरून वाढीचा भाग खातात. मग मधला पोंगा वाळतो, ओढल्यास सहज हातात येतो आणि त्याला घाण वास येतो. त्या वेळी कोंबाला कांडी धरलेलीच नसते. त्यामुळे जातीची साल कितीही टणक असली व तंतूचे प्रमाण कितीही अधिक असले, तरी खोडकिडीपुढे त्या गुणांचा उपयोग जवळजवळ होत नाही. तेथे उपयोगी पडतो तो फुटव्यांचा जोर. मुख्य कोंब मेला तरी जी जात लवकर आणि भरपूर फुटवे देते, ती नुकसान भरून काढते. किडीने कोंब मारलेला असतो, पण तोडणीच्या वेळी गाळपालायक उसांची संख्या फारशी घटलेली नसते. याला शास्त्रीय भाषेत सहनशीलता म्हणतात. 15 टक्क्यांपर्यंतची पोंगेमर आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली धरली जाते, त्यामागे हेच कारण आहे.

कांडीकीड निराळी आहे. ती कांड्या सुटू लागल्यावर येते आणि तोडणीपर्यंत राहते. तिची लहान अळी आधी पोंग्यातील व देठातील कोवळा भाग खाते आणि नंतर कोवळ्या कांडीत शिरते. येथे मात्र सालीचा टणकपणा, तंतूचे प्रमाण आणि पेशींत साठलेली सिलिका हे गुण खरोखर आड येतात, कारण नुकत्या निघालेल्या अळीचे जबडे दुबळे असतात आणि शिरकाव करण्यास जितका उशीर लागेल तितका वेळ ती उघड्यावर राहून मुंग्या, कोळी व इतर भक्षकांच्या तावडीत सापडते. तेव्हा एकच जात खोडकिडीला सहनशील आणि कांडीकिडीला नाजूक असू शकते व याच्या उलटही असू शकते. दोन्ही किडी ओळखायच्या असतील तर अळीच्या पाठीवरील जांभळट रेषा मोजाव्यात: खोडकिडीला पाच आणि कांडीकिडीला चार असतात.

हुमणीविषयी थोडक्यात सांगतो. मुळे खाणाऱ्या अळीला रोखेल अशी शिफारस केलेली एकही जात महाराष्ट्रात नाही. पहिल्या वळवाच्या पावसानंतर कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर संध्याकाळी जमणारे भुंगेरे गावाने एकत्र येऊन गोळा करणे हाच तिचा मुख्य उपाय आहे, कारण तिची वर्षात एकच पिढी होते आणि त्या काही रात्री वाया गेल्या की पुढे जमिनीत अळी शोधत बसावे लागते.

उत्तर 2 – वारणेचा ऊसकरी

वरील विवेचन मला पटते. परंतु शेतकऱ्याच्या बाजूने एक मुद्दा त्यात यायला हवा. नीराकाठच्या मित्रांनी स्वतःच लिहिले आहे की आडसाली आणि पूर्वहंगामी उसात त्रास नाही, फक्त फेब्रुवारीअखेरच्या लागणीत आहे. जात तीच, जमीन तीच आणि पाणीही तेच आहे. मग दोष को 86032 कडे कसा जातो? खोडकिडीला कडक ऊन, कोरडी हवा आणि कोवळा कोंब हे तिन्ही एकदम लागतात, आणि फेब्रुवारीअखेरची लागण नेमका हाच योग तिला जुळवून देते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागलेला ऊस एप्रिलपर्यंत मोठ्या बांधणीला आलेला असतो, तर आडसालीचे कोंब पावसाळ्यात वाढतात.

आमच्या भागात जात बदलण्याची हौस मोठी आहे. नव्या जातीच्या बेण्याला पहिल्या दोन वर्षांत जो भाव मिळतो, त्यात तिच्या गुणांपेक्षा नवेपणाचा वाटा अधिक असतो असे माझे स्पष्ट मत आहे. हरभऱ्यानंतरच ऊस घ्यायचा असेल, तर एक डोळा पद्धतीने रोपवाटिकेत रोपे तयार करून ठेवावीत आणि शेत मोकळे होताच ती लावावीत. त्यामुळे मुख्य शेतातील कोंब महिनाभराने पुढे जातो. सरीत पाचटाचे आच्छादन, उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्यांत खंड न पडू देणे आणि साधारण दीड महिन्याने बाळबांधणी करून कोंबाच्या बुडाशी माती लावणे, एवढे वेळेवर झाले तर अळीला शिरण्याची जागाच झाकली जाते. बाळबांधणी लांबवायची आणि नंतर औषधाच्या दुकानात जायचे, ही सवय आपण सोडली पाहिजे.

प्रतिप्रश्न – नीराकाठचा बागायतदार

दोघांचेही आभार. लागणीच्या वेळेचा मुद्दा मान्य आहे आणि रोपांचा विचार मी नक्की करीन. तरीही एक शंका राहते. रोगांना प्रतिकारक जाती तयार होतात, साखर उतारा वाढवता येतो, क्षारपड जमिनीत तग धरणारी जात मिळते, तर शंभर वर्षांहून अधिक काळ ऊस पैदास करणाऱ्या संस्थांना पोखरणाऱ्या अळीविरुद्ध खात्रीची एक जात का देता आली नाही? परदेशात तरी अशी जात आहे का?

उत्तर 3 – पैदासकाराचा शेजारी

मी पैदासकार नाही, परंतु त्या कामाच्या जवळ बराच काळ राहिलो आहे, म्हणून लिहितो.

कोईमतूरची ऊस पैदास संस्था 1912 साली स्थापन झाली आणि तेथे लागवडीचा गोड ऊस व कास हे रानटी गवत यांच्या संकरातून को 205 ही जात 1918 मध्ये पुढे आली. कासाकडून काटकपणा, फुटवे आणि रोगांविरुद्धची ताकद मिळाली. पण कासाबरोबर येणारा तंतू आणि कमी साखर नको असल्यामुळे पुढील पिढ्या पुन्हा पुन्हा गोड उसाशी संकरित कराव्या लागल्या. म्हणजे पैदासकार एका हाताने साखर वाढवत असताना दुसऱ्या हाताने अळीला अडवणारे काही गुण पातळ करत होता. यात कोणाची चूक नाही. शेतकऱ्याला टन हवे होते आणि कारखान्याला उतारा हवा होता. टणक सालीचा, तंतुमय ऊस दोघांनाही नको होता आणि तोडणी मजुरांना तर मुळीच नको होता.

शिवाय आपला पाया फार अरुंद आहे. को 86032 ही को 62198 आणि कोसी 671 यांच्या संकरातून आली. कोसी 671 चा एक पालक को 775 आहे. उत्तर भारतात झपाट्याने पसरलेल्या को 0238 या जातीचा एक पालकही तोच को 775. नावे आणि क्रमांक वेगळे असले तरी घराणे फारसे वेगळे नाही, हे बेणे बदलताना लक्षात असावे.

अनुवंशाची अडचण तर आणखी मोठी आहे. उसाच्या पेशीत शंभराहून अधिक गुणसूत्रे असतात आणि एकेका जनुकाच्या अनेक प्रती असतात. तपकिरी तांबेऱ्यासारख्या रोगाविरुद्ध ‘ब्रू 1’ हा एक प्रभावी जनुकीय ठिकाणा सापडला, त्यामुळे रोपावस्थेतच निवड करणे शक्य झाले. पोखरणाऱ्या अळीविरुद्धचा प्रतिकार मात्र साल, तंतू, सिलिका, पानाची ठेवण, फुटवे अशा अनेक गुणांत विभागलेला आहे आणि प्रत्येक गुणामागे अनेक जनुके आहेत. त्यात एक जात बाहेर पडायला बारा-चौदा वर्षे लागतात. इतक्या वर्षांत प्रत्येक टप्प्यावर हजारो रोपांत अळ्या सोडून परीक्षा घेणे खर्चिक असल्यामुळे किडीची चाचणी शेवटच्या मूठभर वाणांवर होते, तोपर्यंत निवड साखरेवर आणि टनावर झालेली असते.

परदेशाचे म्हणाल, तर तेथे खात्रीची म्हणता येईल अशी जात नसली तरी तुलनेने खरोखर प्रतिकारक अशा जाती आहेत. रेयुनियन बेटावर आपल्याच कांडीकिडीची प्रजाती आहे. तेथे आर 579 ही जात तिला सहज बळी पडते, तर आर 570 ही तिला लक्षणीय प्रमाणात अडवते. तांबेऱ्याचा तो ‘ब्रू 1’ ठिकाणाही याच आर 570 मध्ये सापडला आणि 2024 साली प्रसिद्ध झालेला उसाचा सविस्तर जनुकीय आराखडाही याच जातीचा आहे. दक्षिण आफ्रिकेत एल्डाना नावाची खोड पोखरणारी अळी मोठा शत्रू आहे आणि तेथे एन 21 ही प्रतिकारक जात म्हणून ओळखली जाते. त्याच देशातील प्रयोगांत असे दिसले की जमिनीतून सिलिकॉन (ज्यापासून पेशींतील सिलिका बनते) दिल्यास एल्डानाचे नुकसान घटते, आणि हा फायदा सहज बळी पडणाऱ्या जातींत व पाण्याचा ताण पडलेल्या उसात अधिक मिळतो. ऊस हे सिलिकॉन भरपूर शोषणारे पीक असल्यामुळे या निष्कर्षाकडे आपल्याकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे.

अमेरिकेतील लुइझियानात आणखी एक बारकावा पाळला जातो, तो मला फार मोलाचा वाटतो. तेथे जातीची परीक्षा करताना पोखरलेल्या कांड्या मोजतात, शिवाय पतंग बाहेर पडल्याची छिद्रेही मोजतात. काही जातींत अळी शिरते, पण पूर्ण वाढ होऊन पतंग बाहेर पडण्याचे प्रमाण कमी असते. अशी जात तुमच्या शेतात थोडे नुकसान सोसेल, परंतु शेजारच्या शेतावर पतंगांची पुढची पिढी पाठवणार नाही. जेथे कारखान्याच्या एकाच गटात शेकडो एकर ऊस असतो, तेथे हा गुण एखाद्या शेतकऱ्याच्या टनापेक्षा साऱ्या गावाच्या हिताचा ठरतो.

ब्राझीलमध्ये 2017 साली बीटी उसाला मान्यता मिळाली. तो तेथील खोडपोखर अळीविरुद्ध आहे. भारतात व्यापारी लागवडीसाठी असा ऊस उपलब्ध नाही, तेव्हा त्यावर येथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

उत्तर 4 – कृष्णाकाठ

लोकरी माव्याचा उल्लेख प्रश्नात आहे, म्हणून एवढेच नोंदवतो. 2002 मध्ये सांगली भागात तो प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात पसरला. पानाखाली पांढरा मेणकट थर, वर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी असे चित्र सर्वत्र होते. त्या वेळीही ‘मावा न येणारी जात’ म्हणून बेणे विकणारे निघाले होते. शेवटी किडीला आवर घातला तो जातीने नव्हे, तर डिफा व मायक्रोमस या परभक्षी मित्रकिडींनी आणि एन्कार्सिया या परोपजीवी गांधीलमाशीने. जेथे शेतकऱ्यांनी आठवड्याला फवारणी केली, तेथे या मित्रकिडीही मेल्या. जातीला श्रेय देण्यापूर्वी शेतात तिच्यासोबत कोण काम करत आहे, हे पाहायला हवे.

उत्तर 5 – कीटकनिरीक्षक

चर्चा निर्णयापर्यंत यावी म्हणून पुन्हा लिहितो.

को 86032 महाराष्ट्रात 1996 पासून ‘नीरा’ या नावाने आहे, फुले 265 ची शिफारस 2007 मध्ये आणि फुले 10001 ची 2017 मध्ये झाली. यांतील निवड करताना जमीन, हंगाम आणि तोडणीची वेळ हे निकष पहिले ठेवावेत. क्षारपड-चोपण जमीन असेल तर फुले 265 चा विचार योग्य आहे. लवकर पक्व होणारा, चांगल्या उताऱ्याचा ऊस हवा असेल तर फुले 10001 कडे पाहावे. आपली जमीन मध्यम काळी आहे आणि को 86032 च्या उताऱ्याबाबत व खोडव्याबाबत (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून येणाऱ्या पिकाबाबत) आपली तक्रार नाही, तेव्हा केवळ खोडकिडीसाठी सगळे क्षेत्र एकदम पालटण्याचा सल्ला मी देणार नाही. उत्तर प्रदेशात 2009 साली आलेल्या को 0238 ने पुढील दशकात राज्याच्या 80 टक्क्यांहून अधिक ऊसक्षेत्र व्यापले, आणि नंतर लाल कुजेने व शेंडेकिडीने तिला एकदम घेरले. एका जातीवर सारा भार टाकण्याची किंमत तेथील शेतकरी अजून मोजत आहेत.

त्याऐवजी एकाच दिवशी, एकाच शेतात, को 86032 आणि नवी जात यांचे सलग पट्टे शेजारी-शेजारी लावावेत. खत, पाणी, बाळबांधणी सारे सारखे ठेवावे. नत्राचा हात एका पट्ट्यात सैल सुटला तर तुलना संपली, कारण जादा नत्राने लुसलुशीत झालेला आणि पुढे लोळलेला ऊस कोणत्याही जातीचा असो, कांडीकीड त्याला आधी गाठते. लागणीनंतर दोन ते चार महिन्यांच्या काळात ठरावीक अंतराने प्रत्येक पट्ट्यात निरनिराळ्या ठिकाणी सरीचा सारख्या लांबीचा तुकडा निवडून त्यातील एकूण कोंब आणि वाळलेले पोंगे मोजावेत. वाळलेल्या पोंग्यांना एकूण कोंबांनी भागून शंभराने गुणले की पोंगेमरीची टक्केवारी मिळते. मोजून झाल्यावर तो कोंब जमिनीखालून अळीसह कापून काढावा. नुसता पोंगा उपटला तर अळी बुडातच राहते.

प्रादुर्भाव 15 टक्क्यांकडे जाऊ लागला, तर दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी उपाय करावा. किडीच्या अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा ही मित्रकीड असलेली ट्रायकोकार्डे, हेक्टरी 50 हजार मित्रकिडी पडतील या प्रमाणात, दर दहा दिवसांनी, पतंग दिसू लागल्यापासून लावणे हा पहिला उपाय आहे. रासायनिक उपायच करायचा झाला, तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 0.4 टक्के दाणेदार हेक्टरी 18.75 किलो सरीतून द्यावे. कार्डे लावलेल्या आठवड्यात कीटकनाशकाची फवारणी करू नये; दोन्ही खर्च वाया जातात.

कांडीकिडीची मोजणी तोडणीच्या दिवशी करावी, कारण तेव्हा ऊस आपोआप हातात येतो आणि वेगळी मजुरी पडत नाही. प्रत्येक पट्ट्यातून मोळीत निवड न करता सरसकट उचललेले ऊस घ्यावेत. त्यांपैकी किती उसांना छिद्र आहे याची टक्केवारी आणि एकूण कांड्यांपैकी किती पोखरल्या आहेत याची टक्केवारी स्वतंत्र काढावी. दोहोंचा गुणाकार करून शंभराने भागले की प्रादुर्भावाचा निर्देशांक मिळतो. नुसती छिद्र पडलेल्या उसांची संख्या पाहिली, तर एकच कांडी पोखरलेला ऊस आणि सहा कांड्या पोखरलेला ऊस सारखेच मोजले जातात. हीच नोंद खोडव्यातही ठेवावी, कारण लागणीच्या उसात चांगली दिसलेली जात खोडव्यात लवकर फुटून खोडकिडीच्या ऐन काळात कोवळी सापडू शकते.